मूल्यांचा क्रम लावताना पहिल्या पाच मूल्यांत डावे-उजवे करता येत नाही, काय करावे?

पोफळीची सावली (फोंडा)

गेल्या महिन्यात कार्यालयातील एका प्रशिक्षणात आम्हाला शब्दांची एक लांबलचक यादी देण्यात आली आणि तिच्यातून आपली दहा मूल्ये निवडून त्यांना क्रमांक द्यावेत, असे सांगण्यात आले. प्रामाणिकपणा, कुटुंब, स्वातंत्र्य, सुरक्षितता, परंपरा असे दहा शब्द मी सहज निवडले. परंतु क्रम लावण्याची वेळ आली तेव्हा पहिले पाच सारखेच प्रिय वाटले आणि शेवटी लावलेला क्रम शाळेच्या फळ्यावरील सुविचारासारखा दिसू लागला.

हा केवळ सरावाचा भाग असता तर मी तो तिथेच सोडला असता. आमचे वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे पोफळी-नारळांची बाग, आहे. वडील गेल्यापासून त्याची देखरेख माझ्याकडे आहे, झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारा पाडेली वेळेवर मिळत नाही, आणि आता मला पुण्याच्या शाखेत बढती देऊ केली आहे. परदेशात असलेल्या भावाच्या मते कुळागर विकावे. येथील, म्हणजे गोव्यातील, वारसा कायद्याने मुलामुलींचा वाटा सारखाच असतो आणि विक्रीच्या कागदावर माझ्याबरोबर माझ्या पतीचीही सही लागणार आहे. त्यामुळे ‘भावाने ठरवले’ एवढे म्हणून मला बाजूला होता येत नाही. मूल्यांचा क्रम खरोखर कसा लावतात, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त मास्तर (डिचोली)

ताई, आपल्या यादीत दोन जातींचे शब्द एकत्र आले आहेत. मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञाने 1973 साली मांडलेल्या पद्धतीत अठरा साध्यमूल्ये आणि अठरा साधनमूल्ये अशा दोन वेगळ्या याद्या होत्या. स्वातंत्र्य, कुटुंबाची सुरक्षितता ही आपल्याला जिथे पोहोचायचे ती स्थळे. प्रामाणिकपणा, धैर्य, जबाबदारी या तिथे जाण्याच्या रीती. प्रामाणिकपणा वरचा की सुरक्षितता वरची, हा प्रश्न म्हणूनच अडतो. प्रथम दोन ढीग करावेत.

त्यानंतर प्रत्येक मूल्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दोन-दोन चिठ्ठ्या समोर ठेवाव्यात आणि ‘दोन्ही मिळणे शक्य नसेल तर कोणते सोडीन’ एवढेच विचारावे. दहा मूल्यांच्या पंचेचाळीस जोड्या होतात; एका संध्याकाळी हे काम होते. रोकीचच्या चाचणीतही सोलून पुन्हा चिकटवता येतील अशा चिठ्ठ्या असत, कारण शेवटची चिठ्ठी लावताना माणूस हमखास पहिली हलवतो. कागदावर थेट क्रमांक घातले की ते खोडायला हात धजत नाही.

मांडवीपार (बेती)

मास्तरांशी मी अर्धाच सहमत आहे. चिठ्ठ्यांपुढे बसलेला माणूस आपल्याला कसे दिसायला आवडेल याचाच क्रम लावतो. त्यापेक्षा मागील वर्षाचे पासबुक आणि सुट्ट्यांचा हिशेब काढावा. मी स्वतः अनेक वर्षे ‘साधेपणा’ हे माझे पहिले मूल्य असल्याचे सांगत असे. गेल्या गणेश चवथीला मात्र माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचे, सामान घेऊन घरी आल्यावर मी पिशव्या मोजल्या: कांगले, माट्टुटी, सुपारीचे घड, नारळांचा घड, शिवाय शेजाऱ्यांच्या माटोळीत पाहिलेले आणि आपल्याकडे नसलेले एक रानफळ, ज्यासाठी मी बाजारात दोन फेऱ्या मारल्या होत्या. त्या दिवशी साधेपणा खाली सरकला आणि परंपरा वर आली; परंपरेला किंचित चढाओढीचा वास होता, हेही मान्य केले पाहिजे.

अर्थात, नाइलाजाने केलेला खर्च मूल्य म्हणून मोजू नये. आईच्या औषधांवर पैसे गेले, म्हणून ‘आरोग्य’ पहिले ठरत नाही.

सत्तरीचा वाचक

दोन्ही उत्तरांत मूल्यांची शिडी गृहीत धरली आहे. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 1992 साली अनेक देशांतील माहितीच्या आधारे दहा मूलभूत मूल्ये मांडली, ती वर्तुळात. शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक असतात आणि समोरासमोरची एकमेकांना ओढतात: परंपरा, नियमपालन आणि सुरक्षितता एका बाजूला, तर स्वयंनिर्णय आणि नावीन्याची ओढ त्यांच्या समोर. आपल्या पहिल्या पाचांत स्वातंत्र्य आणि परंपरा दोन्ही आहेत, म्हणजे तिढा आपल्या अनिश्चित स्वभावात नसून त्या जोडीतच आहे. सगळ्याच मूल्यांना भरघोस गुण देणारी माणसे पुष्कळ असतात. म्हणून या पद्धतीत प्रत्येकाच्या गुणांतून त्याचीच सरासरी वजा करतात आणि उरलेला फरक पाहतात. तो फरक पुष्कळदा थोडाच असतो आणि तेवढा पुरतो.

मास्तरांच्या जोड्या करताना एक पाहावे. पहिले दुसऱ्यापेक्षा वरचे, दुसरे तिसऱ्यापेक्षा, आणि तिसरे पुन्हा पहिल्यापेक्षा, असा फेरा आला तर त्यांतील एखाद्या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत असे मी समजतो. तो शब्द फोडावा.

पोफळीची सावली (फोंडा)

सर्वांचे आभार. रविवारी दिवेलागणीनंतर चिठ्ठ्या घेऊन बसले आणि तासाभरात नेमका तो फेरा आला: कुटुंब स्वातंत्र्यापेक्षा वर, स्वातंत्र्य परंपरेपेक्षा वर, आणि परंपरा कुटुंबापेक्षा वर. ‘कुटुंब’ फोडल्यावर त्यातून आईची सोबत आणि नातेवाईक काय म्हणतील याची धास्ती अशा दोन गोष्टी निघाल्या. दुसरीची चिठ्ठी मी लाजत लिहिली आणि ती थेट शेवटी गेली. आईची सोबत मात्र सगळ्यांच्या वर जाऊन बसली, आणि आई पुण्याला यायला तयार आहे, हे तिला विचारल्यावरच कळले. मी तिच्या वतीने नकार गृहीत धरून बसले होते.

‘परंपरा’ फोडताना अधिक वेळ गेला. कुळागराची मालकी आणि कुळागर जिवंत राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला दुसरी हवी आहे. पाटाचे पाणी वेळेवर सुटले आणि पोफळींना शिंपण मिळाले, तर ते काम दुसऱ्या कोणी करण्यास माझी हरकत नाही. तेव्हा विकण्याऐवजी एखाद्या बागायतदाराला कसायला देण्याची चौकशी सुरू केली आहे. तिसरी आणि चौथी चिठ्ठी अजून रोज जागा बदलतात.

माझा क्रम न दाखवता त्याच चिठ्ठ्यांची नावे भावालाही पाठवली आहेत. त्याचा क्रम आलेला नाही. मांगरामागची, म्हणजे बागेतल्या खोपटामागची, जायफळाची झाडे अजून धरतात का, एवढेच त्याने विचारले आहे.