'हॉलंड' काढून सगळीकडे 'नेदरलंड्स' घातलं तर चालतं का?

शब्दवेडी, राजारामपुरी
इथल्याच एका दिवाळी अंकासाठी डच लोकांनी स्पेनविरुद्ध केलेल्या बंडावरचा लेख मराठीत केला. त्यात एक वाक्य होतं: '१५७२ मध्ये हॉलंड आणि झीलंड हे दोन किनारी प्रांत बंडात उतरले.' संपादकांनी अख्ख्या लेखात 'हॉलंड' शोधून तिथं 'नेदरलंड्स' घातलं, का तर आता तेच बरोबर. तपासायला आलेल्या प्रुफात वाक्य झालंय, 'नेदरलंड्स आणि झीलंड हे दोन किनारी प्रांत'. फ्रीसलंड हा त्याच देशातला प्रांत, आणि पुढच्या पानावर तर 'फ्रीसलंड हे नेदरलंड्समध्ये येत नाही' असं ठोकून दिलंय! फोन केला तर म्हणाले, "वाचकाला एकच नाव द्या, ताई. डोक्याला ताप नको."
प्रांत वेगळा, देश वेगळा, हे तळटीप न देता कसं पोचवायचं? आणि त्या देशाला मराठीत आपला असा शब्द आहे का?

मोडीवाला
देशाला नसेल, माणसांना आहे. वलंदेज! रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची नावं येतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे). करवीरच्या छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीतला ग्रंथ, म्हणजे शब्द आपल्या घरचाच. 'डच' आपण इंग्रजांकडून उचलला. 'वलंदेजांचा मुलूख' लिहा, संपादक गप्प बसतील.

रंकाळ्यावरचा
संपादक बसतील, वाचक पण बसतील. घरात पोराला विचारलं, वलंदेज म्हणजे काय रे? म्हणतोय, कुठल्या हॉटेलात मिळतंय?

तोफखाना
वलंदेज हा गोलंदाजाचा सख्खा भाऊ. फारसीत 'अंदाज' म्हणजे फेकणारा. गोळा फेकणारा गोलंदाज, तीर फेकणारा तीरंदाज, वल्हं मारणारा वलंदाज. दर्यावर्दी जात, वल्ह्यावर पोट. बंगालीत आजही 'ओलंदाज' म्हणतात. आणखी काय पुरावा पाहिजे?

अनुस्वार
वल्हं मराठी, अंदाज फारसी, आणि जहाजं चालायची शिडावर. छान जमवलंत.
हॉलंडच्या माणसाला पोर्तुगीज लोक 'ओलांदेस' म्हणतात, त्यातला 'ह' मुका. त्यांच्याच 'इंग्लेस'चा आपण इंग्रज केला, त्याच साच्यात ओलांदेसचा वलंदेज. गुजरातीत 'वलंदा', सिंहलीत 'लंदेसी'. या किनाऱ्यांवर पोर्तुगीज आधी पोचलेले, म्हणून नंतर आलेल्यांची नावं त्यांच्या तोंडून कानावर पडली.
आता गंमत बघा. वलंदेज म्हणजे मुळात 'हॉलंडवाला'. मोडीवाले सरांच्या शब्दानं ताईंची अडचण सुटत नाही, तीनशे वर्षं जुनी मात्र होते.

मोडीवाला
बिघडलं कुठं? वेंगुर्ल्याला १६३७ मध्ये वखार घातली ती त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं. १६०२ साली कंपनी निघाली तेव्हा तिच्या शाखा सहा. आम्स्टरडॅम, रॉटरडॅम, डेल्फ्ट, होर्न, एंकहाउझन या पाच हॉलंड प्रांतातल्या, आणि सहावी झीलंडमधल्या मिडलबर्गची. फ्रीसलंडची एकही नाही. आपल्या लोकांचा व्यवहार ज्यांच्याशी पडला त्यांना त्यांनी वलंदेज म्हटलं. ते सध्याच्या संपादकांपेक्षा शहाणे होते.

अनुस्वार
शाखा हॉलंडच्या, पण जहाजावरचे खलाशी नि शिपाई कितीतरी जर्मन होते. त्यांनाही आपण वलंदेजच म्हटलं असणार. असो.

सासुरवाशीण
मुलाच्या नोकरीनिमित्त लेउवार्डनला राहून आले. हे फ्रीसलंडचं मुख्य शहर. शेजारच्या आजोबांना मी कौतुकानं म्हटलं, तुम्हा हॉलंडच्या लोकांचं सगळं कसं नीटनेटकं. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, हॉलंड तिकडं, पाण्यापलीकडं.
मग सुनेनं समजावलं. देशात एकूण १२ प्रांत. त्यातले फक्त दोन हॉलंड, उत्तर आणि दक्षिण. १८४० पर्यंत तो एकच प्रांत होता. जुन्या प्रजासत्ताकात सात प्रांत, पण खर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा एकटा हॉलंड उचलायचा. आम्स्टरडॅम त्यातच, जहाजं त्यातलीच. पैसा ज्याचा, नाव त्याचं.
फ्रीसलंडची तर भाषाच वेगळी. दुकानात, एसटीत (म्हणजे तिथल्या बसमध्ये) डच बोलणारी माणसं आपसात पटकन फ्रिजियनवर जातात. कोर्टात ती बोलू देत नाहीत म्हणून १९५१ च्या नोव्हेंबरात लेउवार्डनमध्ये लोक जमले आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. त्या शुक्रवाराला तिथं 'लाठ्यांचा शुक्रवार' अशा अर्थाचं नावच पडलंय. १९५६ मध्ये कायदा करून कोर्टात भाषेला जागा दिली. १९९७ पासून प्रांताचं अधिकृत नावही त्यांच्या भाषेतलं आहे, 'फ्रिस्लान'. एवढं सोसलेल्या माणसाला हॉलंडचा म्हटलं तर तो हसेल कशाला?
निपाणी-बेळगावकडच्या मंडळींना हे जास्त सांगायला नको.

दूधवाला, कागल
ताई, म्हणजे आमच्या एचेफ गाईतला 'एफ' त्याच फ्रीसलंडचा का? होल्स्टाइन फ्रिजियन म्हणतेत बघा.

सासुरवाशीण
तोच, भाऊ. काळी-पांढरी गाय मूळची त्याच पट्ट्यातली. होल्स्टाइन मात्र जर्मनीत, उत्तरेला.

दूधवाला, कागल
लई भारी. गोठ्यात दोन देशांचा किनारा बांधलाय आणि आम्ही म्हणतोय 'जरशी'.

रंकाळ्यावरचा
फ्रीसलंडच्या आजोबांना राग आला, मान्य. पण मॅच असली की त्यांचेच प्रेक्षक 'हॉलंड, हॉलंड' ओरडतेत ते? नेपोलियनच्या भावाला गादीवर बसवलं तेव्हा, १८०६ ते १८१०, राज्याचं नावच हॉलंड होतं. सरकारनं २०२० मध्ये जाहिरातीतून हॉलंड काढलं म्हणून कोल्हापूरच्या दिवाळी अंकानं पण काढायचं? वर्ल्डकपला गल्लीत भगव्यासारखा दिसणारा झेंडा लागतो तेव्हा पोरं काय म्हणतेत, 'नेदरलंड्स' का? बोलणाऱ्यानं शब्द ठरवायचा, सरकारनं नाही.

अनुस्वार
झेंड्यात केशरी पट्टाच नाही, जर्सीत आहे. आणि ताईंचा लेख १५७२ चा आहे, वर्ल्डकपचा नाही. बोलताना काहीही म्हणा. पण जिथं प्रांताची गोष्ट आहे तिथं 'हॉलंड प्रांत' लिहा, 'प्रांत' हा शब्द जोडून. तळटीप लागत नाही.

शब्दवेडी, राजारामपुरी
हे पटतंय. पण पहिल्यांदा देशाचं नाव येतं तिथं काय? 'नेदरलंड्स'मधला तो शेवटचा 'स्' मला टोचतो. 'नेदरलंड्सला', 'नेदरलंड्सच्या'... आणि प्रुफं परत पाठवायचीत हो.

शुद्धपक्ष
भाषांतरच करा की. नेदर म्हणजे खालचा, लंड म्हणजे भूमी. 'निम्नभूमी' किंवा सुटसुटीत 'तळदेश'. आपल्याकडं तळकोकण आहेच.

रंकाळ्यावरचा
तळदेश! काका, कोल्हापुरात बसून 'तळदेश' म्हणताय? आमचा देश घाटाच्या वर. खाली कोकण. गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरला की देश संपला. तळदेश म्हणजे वरचं खाली का खालचं वर?

शुद्धपक्ष
शब्दाला रुळायला वेळ द्यावा लागतो. 'महापौर' ऐकूनही लोक हसले असतील.

खलाटीकर, वेंगुर्ला
घाटावरच्यांनी शब्द पाडायचे आणि खालच्यांनी वापरायचे, हे जुनंच. सखल किनारपट्टीला आमच्याकडं शब्द आहे: खलाटी. डोंगराकडची ती वलाटी. अख्खा नेदरलंड्स खलाटीच की.
आणि एक. सासुरवाशीणताई म्हणतात ते आम्हांला रोजचं आहे. वेंगुर्ल्याचा असो की अलिबागचा, घाटावर सगळे 'कोकणी'. माझी बोली मालवणी, तिला पण कोकणी म्हणतात.

रंकाळ्यावरचा
आणि तुम्ही सांगलीचा, साताऱ्याचा, आमचा, सगळ्यांचा 'घाटी' करता ते?

सासुरवाशीण
तिकडंही अगदी हेच. दक्षिणेतल्या लिंबुर्गची माणसं मोठ्या नद्यांच्या उत्तरेकडच्या सगळ्यांना 'हॉलांडर' म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं होतं.

खलाटीकर, वेंगुर्ला
मग 'हॉलांडर'चं मराठी भाषांतर 'घाटी' करा, विषय संपला!

अनुस्वार
त्यांच्याकडं घाट कुठून आणणार? समुद्रसपाटीच्याही खाली आहे जवळजवळ पाव मुलूख. फ्लेव्होलंड हा बारावा प्रांत १९८६ मध्ये झाला, तो उघड्या पडलेल्या समुद्रतळावर. १९३२ मध्ये बांध घालून झुइडरझे हा समुद्राचा फाटा तोडला आणि मग एकेक तुकडा उपसत गेले. अशा जमिनीला ते पोल्डर म्हणतात. ताई, तुमच्या लेखात पोल्डर आला असेल तर त्याचं काय केलंत?

शब्दवेडी, राजारामपुरी
'खाजण' केलंय. पण मी देशाच्या नावाचं विचारत होते.

पेणचा शेतकरी
खाजण चूक. भरतीचं पाणी येतं-जातं, तिवरं उगवतात, ते खाजण. बांध घालून पाणी बाहेर ठेवलं आणि भात लावला की ती खार. कामाला म्हणायचं खारबंदिस्ती. बांधातून पावसाचं पाणी सोडायची झडप ती उघाडी. भरतीनं आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. पोल्डर म्हणजे खार.

खलाटीकर, वेंगुर्ला
गोव्यात बांध घातलेल्या भातजमिनीलाच खाजन म्हणतात, आणि उघाडीला मानस. आमच्यापासून गोवा जवळ, पेण लांब. ताईंचं बरोबर आहे.

पेणचा शेतकरी
गोव्याचं गोव्यात. अंक मराठी आहे ना?

शुद्धपक्ष
'क्षारभूमी' का नको?

पेणचा शेतकरी
क्षारभूमीत भात लावून दाखवा, मग बोलू.