धातू केवळ आधारापुरता नसतो

डीएनए दुरुस्त करणाऱ्या विकरांमधला धातू प्रथिनाची घडी टिकवण्यापुरताच असतो, असे एक मत मांडले जाते; एक्सपीएसारख्या, म्हणजे डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेणाऱ्या एका मानवी प्रथिनाबाबत, ते मला मान्य आहे. तिथे चार सिस्टीन (प्रथिनातली गंधकयुक्त अमिनो आम्ले) एका जस्त-आयनाला धरून ठेवतात आणि तो आयन स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया करत नाही. सरसकट मात्र तसे म्हणता येणार नाही. फोंड्यात एम.एस्सी.च्या मुलांना शिकवताना मी ई. कोलाय या जिवाणूची दोन विकरे आवर्जून शेजारी ठेवते: एक्सोन्युक्लिएज ३ आणि एन्डोन्युक्लिएज ४. डीएनएच्या साखळीतला बेस (तिचे एक ‘अक्षर’) जिथे गळून पडला आहे, तिथेच दोन्ही छेद देतात. परंतु बफरमध्ये, म्हणजे विकर ज्या द्रावणात काम करते त्यात, ईडीटीए हे धातूचे आयन पकडून ठेवणारे रसायन घातले की पहिले थंडावते, कारण त्याला लागणारे मॅग्नेशियम द्रावणातून उसने आलेले असते, तर दुसऱ्याचे काम चालूच राहते, कारण त्याच्या क्रियास्थळाशी तीन जस्त-आयन घट्ट बसलेले असतात आणि फॉस्फेटचा बंध तोडण्यात तेच भाग घेतात. विजेच्या जोरावर डीएनए ज्यातून सरकवतात त्या जेलवर हा फरक डोळ्यांना दिसतो: छेद गेलेल्या प्लाझ्मिडचे (जिवाणूतल्या छोट्या वर्तुळाकार डीएनएचे) वेटोळे सुटते आणि त्याची पट्टी मागे रेंगाळते.

ई. कोलायमध्येच डीएनए दुरुस्त करणाऱ्या एडीए प्रथिनाची गोष्ट तर मला याहून विलक्षण वाटते. तिथे जस्ताला धरणाऱ्या चार सिस्टीनांपैकीच एक डीएनएच्या फॉस्फेटवरचा मिथाइल गट (डीएनएला चिकटलेला नको असलेला छोटा कार्बन-गट) स्वतःवर घेते, आणि त्यानंतर तेच प्रथिन दुरुस्तीची जनुके चालू करते.