टप्पा पहिला, तरी वेदना तीव्र का?
एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) पहिल्याच टप्प्यात असूनही पाळीत असह्य वेदना का होतात, असे वर एका ताईंनी विचारले आहे. हे टप्पे वेदनेवरून ठरतच नाहीत. लॅपरोस्कोपीत (पोटात छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून केलेल्या शस्त्रक्रियेत) दिसलेल्या आजाराचा आकार व खोली आणि अवयवांची चिकटण यांना गुण देऊन १ ते ५ गुणांना पहिला, १५ पर्यंत दुसरा, ४० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा टप्पा म्हणतात. गर्भाशयामागची पोकळी पूर्ण बंद झाली असेल, तर तिचेच ४० गुण होतात, आणि तरीही एखादीला फारसे दुखत नाही. म्हणूनच ‘पहिलाच टप्पा आहे, सहन करा’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मूल हवे असल्यास, वयही लक्षात घेऊन गर्भधारणेच्या शक्यतेचा अंदाज देणाऱ्या ‘एंडोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स’ या गुणांकाविषयी शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांना अवश्य विचारावे.