कंपनीच्या गोपनीयता करारातील 'डू हिअरबाय असाइन' : सही करावी का? मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आहे. क्षयरोगाचे निदान लवकर व्हावे म्हणून रक्तातील काही प्रथिनांवर आधारित चाचणी तयार करणे हा माझा विषय आहे. मोजणीचे एक तंत्र शिकण्यासाठी मला पुढील महिन्यापासून तीन महिने एका खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेत जायचे आहे आणि त्याआधी त्यांच्या चारपानी गोपनीयता करारावर सही करून द्यायची आहे.

करार नावाला गोपनीयतेचा असला, तरी सातव्या कलमात असे म्हटले आहे की भेटीच्या काळात किंवा भेटीमुळे लागलेल्या सर्व शोधांचे हक्क मी 'डू हिअरबाय असाइन', म्हणजे या सहीनेच कंपनीच्या नावे करते. संस्थेत रुजू होताना मी सही केलेल्या कागदावर मात्र 'अग्री टू असाइन' आहे. म्हणजे हक्क पुढे संस्थेला देण्याचे मी फक्त कबूल केले आहे.

या दोन शब्दप्रयोगांतील फरकावरून अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रोश ही औषध कंपनी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. स्टॅनफर्डचे एक संशोधक पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती बनवण्याचे) तंत्र शिकायला सीटस कंपनीत गेले आणि तेथे त्यांनी अशाच करारावर सही केली; पुढे सीटसचा पीसीआर व्यवसाय रोशकडे गेला. रक्तातील एचआयव्हीचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीच्या पेटंटांवरून वाद झाला, तेव्हा विद्यापीठाला आधी दिलेल्या वचनापेक्षा कंपनीला नंतर केलेले प्रत्यक्ष हस्तांतरण अपील न्यायालयाने 2009 मध्ये ग्राह्य धरले. संशोधनाला सरकारी निधी होता म्हणून हक्क आपोआप विद्यापीठाचे होतात, हा युक्तिवादही 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

आपल्या पेटंट कायदा, 1970 च्या कलम 68 नुसार हस्तांतरण लेखी असावे लागते. पण अद्याप न लागलेल्या शोधाचे हक्क आजच्या सहीने जातात का, याबाबत भारतातील पेटंटचे काम पाहणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ज्या रुग्णांनी या कामासाठी रक्त दिले, त्यांना मी स्वतः संमतीपत्र मराठीतून वाचून दाखवले होते आणि त्यात नमुने आमच्या संस्थेतील संशोधनापुरते वापरले जातील, असे लिहिले आहे. ही चाचणी तालुक्याच्या रुग्णालयाला परवडावी, म्हणून परवाना कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार संस्थेकडेच राहावा, असे मला मनापासून वाटते. संमतीपत्रातील अटीमुळे नमुने मी बरोबर नेणार नाही, हे मी मार्गदर्शकांना कळवले आहे.

सातवे कलम कंपनीच्या गोपनीय माहितीतून थेट निघालेल्या सुधारणांपुरते मर्यादित करून घ्यावे आणि करारावर संस्थेचीही सही असावी, अशी मागणी कोणी कंपनीकडे केली आहे का, आणि ती मान्य झाली का? शिवाय आजवरच्या कामासाठी जाण्यापूर्वीच प्रोव्हिजनल (पूर्ण विवरणपत्राआधीचा प्राथमिक) पेटंट अर्ज दाखल करावा का? त्यानंतर पूर्ण विवरणपत्रासाठी बारा महिने मिळतात. पण कलम 3(आय) नुसार निदानाच्या पद्धतीला पेटंट मिळत नसल्यामुळे दावे किटवर बेतावे लागतील, आणि किटची रचना अजून अर्धवट आहे. एवढ्यावर अर्ज करणे घाईचे ठरेल का?