मूव्हिंग हेडच्या (मोटरने फिरणाऱ्या दिव्यांच्या) पोझिशन प्रत्येक गावी नव्याने लावायच्या का?

प्रश्न: नाटकाच्या दौऱ्यावर ८ मूव्हिंग हेड नेतो, ६४ क्यू (ठरलेल्या क्षणी होणारे प्रकाशबदल) आहेत. परवा नाशिकला दिवे टांगायचा बार पुण्यापेक्षा खाली होता. आजीच्या खुर्चीवरचा झोत हातभर अलीकडेच पडला. दुपारभर एकेक क्यू दुरुस्त करत बसलो. काही सोपा मार्ग?

उत्तर: दादा, क्यूमध्ये पॅन-टिल्टचे (दिव्याच्या आडव्या-उभ्या वळणाचे) थेट आकडे साठवलेत, म्हणून ही वेळ आली. आधी पोझिशन प्रीसेट (नाव देऊन साठवलेल्या जागा) करा: 'खुर्ची', 'दार', 'झोपाळा'. त्यात फक्त पॅन-टिल्ट ठेवा, रंग-गोबो (झोतात नक्षी पाडणारी चकती) नको. क्यू रेकॉर्ड करताना प्रीसेटच बोलवा. नव्या गावी तेवढे प्रीसेट अपडेट केले की सगळे क्यू सुधारतात. एक जपा: झोत हलवून क्यूच पुन्हा साठवलात, तर त्या क्यूचा प्रीसेटशी दुवा तुटतो. मी तर बॅकस्टेजच्या पोराला खुर्चीत बसवतो आणि झोत त्याच्या कपाळावर आणतो. जमिनीवर लावलेला झोत नट बसला की छातीवरच राहतो, चेहरा अंधारात.

उत्तर: शिवाय दिवे दर वेळी त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने टांगा. माझा ३ नंबरचा एकदा उलटा लागला, 'दार' म्हटलं की विंगेत बघायचा. आता प्रत्येकाच्या बुडाला पांढऱ्या टेपचा बाण आहे.

प्रश्नकर्ता: आज रात्रीच बसतो. जागा मोजल्या, ११च भरल्या.