मदत हवी आहे : 'द साउंड ऑफ सायलेन्स'ची दोन ध्वनिमुद्रणे श्रोत्यांना कशी ऐकवावीत?

नमस्कार. आमच्या श्रवणमंडळात पुढच्या महिन्यात सायमन आणि गारफंकेल या अमेरिकन जोडीच्या 'द साउंड ऑफ सायलेन्स' या गाण्यावर मला पाऊण तासाचा कार्यक्रम करायचा आहे. श्रोते बहुतेक ख्याल आणि नाट्यगीते ऐकणारे आहेत, त्यामुळे सांगण्यापेक्षा ऐकवण्यावर भर द्यावा असे मला वाटते, आणि नेमका तिथेच मी अडलो आहे.

पॉल सायमनने रचलेले हे गाणे मार्च १९६४ मध्ये टॉम विल्सन या निर्मात्याने न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यात दोघांचे आवाज आणि साधी, बिनविजेची गिटार होती, ड्रम नव्हते. ज्या अल्बममध्ये ते आले तो चालला नाही, जोडी फुटली आणि सायमन इंग्लंडला जाऊन क्लबांमधून एकटा गाऊ लागला. १९६५ मध्ये मात्र बॉस्टन आणि फ्लोरिडा येथील काही रेडिओ केंद्रांवर हे गाणे आपोआप वाजू लागले. त्याच वर्षी जूनमध्ये बर्ड्स या गटाने इलेक्ट्रिक गिटारच्या साथीने गायलेले, बॉब डिलन या गीतकाराचे 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' अमेरिकेत पहिल्या क्रमांकाकडे चढत होते. वारा कुठून वाहतो आहे हे ओळखून विल्सनने जुन्याच फितीवर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले, आणि तेही ज्यांचे आवाज त्या फितीवर होते त्यांना न विचारता. सप्टेंबरमध्ये तबकडी निघाली आणि १ जानेवारी १९६६ च्या बिलबोर्ड 'हॉट १००' या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती पहिली आली. पुढचे दोन आठवडे बीटल्सचे 'वी कॅन वर्क इट आउट' वर राहिले, २२ जानेवारीला या गाण्याने ती जागा परत घेतली आणि २९ तारखेला बीटल्सने ती पुन्हा मिळवली. ब्रिटनमध्ये मात्र त्या वर्षी बॅचलर्स या गटाने गायलेले रूपच तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

हे सारे सांगता येते. पण मूळ फितीतली लय एकसारखी नाही. दोघे गायक ओळीच्या अर्थाप्रमाणे कुठे रेंगाळतात, कुठे पुढे सरकतात, आणि वर्षभरानंतर बसलेल्या वादकांना त्या न दिसणाऱ्या गायकांच्या मागून जावे लागले आहे. एका जागी तर गायकांना गाठता यावे म्हणून वाद्ये चक्क मंदावतात, आणि सायमनने ते प्रथम ऐकले तेव्हा तो हादरून गेला होता, असे अल स्टुअर्ट या गायकाने सांगून ठेवले आहे. माझ्या मते या गाण्याचा सगळा जीव त्या ओढाताणीत आहे. मी घरी दोन मित्रांना दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकवली, तर दोघांनीही 'दुसऱ्यात ड्रम आहेत' एवढेच सांगितले. ही ओढाताण त्यांच्या कानांपर्यंत कशी पोचवावी? जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिसाद १ :
मी बरीच वर्षे तबल्याच्या साथीला बसतो, म्हणून त्या बाजूने सांगतो. दोन्ही गाणी सलग ऐकवू नका, कारण ड्रम आल्यावर कान तिकडेच जातो. आधी १९६४ चे शेवटचे कडवेच लावा आणि सर्वांना गुडघ्यावर बोटाने मात्रा मोजायला सांगा. त्यांचे बोट गायकांबरोबर आपसूक थांबेल. मग १९६५ चे तेच कडवे लावा आणि आता बोट ड्रमबरोबर ठेवायला सांगा. आम्ही साथीला बसतो तेव्हा गायकाचा हात, मान, श्वास सगळे समोर दिसत असते आणि त्यावरून पुढची जागा कळते. त्या वादकांपाशी फक्त फीत होती. तुमच्या श्रोत्यांना ही अडचण शब्दांत समजावण्याची गरज पडणार नाही, असे मला वाटते.

मूळ धागाकर्ता :
आपले मनापासून आभार. काल रात्री त्याच दोन मित्रांना पुन्हा बसवून हा प्रयोग केला. शेवटच्या कडव्यात ड्रम ओढला गेला तेव्हा एकाचे बोट पुढे निघून गेले, तो थांबला आणि म्हणाला, "अरे, हे तर गाणाऱ्यांची वाट बघताहेत." कार्यक्रमाची सुरुवात आता मी याच कडव्याने करणार आहे.