मदत हवी आहे: बालाघाटाच्या उतारावर दगडखाण प्रस्तावित, पावसाचं आणि पाझराचं पाणी कसं सांभाळावं?

उतारवाट
अंबाजोगाई तालुक्यात ४ हेक्टरच्या गटात खडीसाठी दगडखाण प्रस्तावित आहे. जागा उतारावर. वरच्या अंगाला साधारण १० हेक्टर माळरान, त्याचं सगळं पाणी याच गटातून खालच्या ओढ्याला जातं. चाचणी बोअरमध्ये लागलेले थर: अर्धा मीटर काळी माती, ३ मीटरपर्यंत मुरूम, ३ ते १४ कठीण काळा पाषाण, १४ ते १५ लाल गेरू, त्याखाली मांजऱ्या (सच्छिद्र दगड). खाण १८ मीटर न्यायचा विचार आहे. खाली १५० मीटरवर दोन विहिरी आहेत, प्रत्येकी १६ मीटर खोल, काठ खाणीच्या जागेपेक्षा ४ मीटर खाली. आराखड्यात एवढंच आहे की पाणी खाणीत जमू द्यायचं आणि १० एचपीच्या पंपानं ओढ्यात सोडायचं. पुरेल का? विहिरींचं वाईट होता कामा नये.

चरबांध
नाही पुरणार. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. आपल्याकडं पाऊस कमी, पण हस्ताचा पडला की कोसळतो; तासाला ५० मिमी धरूनच आखणी करा. माळावरून ४० टक्के वाहून आलं तरी २,००० घनमीटर, खाणीच्या ४ हेक्टरवरचं ८० टक्क्यांनी १,६००. तुमचा पंप १५ मीटर उचलीला सेकंदाला साधारण २० लिटर देईल, म्हणजे तासाला ७२ घनमीटर. एका तासाच्या पावसाला ५० तास उपसा!

माळाचं पाणी आत येऊच देऊ नका. वरच्या हद्दीला वळण चर काढा: तळ ६० सेंमी, बाजू एकास एक उताराच्या, खोली ८० सेंमी, लांबीला २०० मीटरला १ मीटर उतार. ५० सेंमी भरून वाहिला तर सेकंदाला साधारण ५५० लिटर नेतो, वर ३० सेंमी मोकळीक राहते. हद्दीपासून ७.५ मीटरचा पट्टा सोडावा लागतोच, त्यात बाहेरच्या कडेला चर बसतो. निघालेला मुरूम खाणीच्या बाजूला बांध म्हणून टाका, पाणी मारून दाबा. चर सपाट राहिला तर गाळानं भरतो आणि भरलेला चर फुटतो तो थेट खाणीत. उतार १०० ला २ च्या वर गेला तर मुरूम कापत जातो. तिथं दगडी पायऱ्या द्या. ओढ्याला मिळतो त्या तोंडाशी ३-४ मीटर पिचिंग (दगडांचं अस्तर) हवंच, नाहीतर घळ मागं सरकत येते. हे सगळं दगडाला हात लावण्याआधी, मृगापूर्वी.

पाषाणथर
चराचं वर आलंच आहे. मला काळजी त्या १८ मीटरची वाटते. विहिरीचा तळ खाणीच्या जमिनीपासून २० मीटर खाली येतो. आपल्याकडचे थर जवळपास आडवे, म्हणजे गेरू विहिरीत १० ते ११ मीटरवर असणार आणि उन्हाळ्यातलं पाणी त्याखालच्या मांजऱ्यातून येत असणार. कठीण पाषाणात पाणी फक्त भेगांत असतं. तुम्ही गेरू फोडून मांजऱ्यात शिरलात तर विहिरींचं पाणी खाणीत उतरेल आणि तुम्ही ते रात्रंदिवस उपसत बसाल.

मांजऱ्या पोकळ, पाणी पिणारा, खडीला कमकुवत. मग १४ च्या खाली जायचं कशाला? १२ मीटरवर थांबा. खालचे २ मीटर सुरुंगाच्या भेगा गेरूपर्यंत जाऊ नयेत म्हणून ठेवा. गेरू उघडा पडला की भिजून मऊ होतो आणि वरची पायरी ढासळते, हा दुसरा धोका.

उतारवाट
१२ मीटर पटलं, विहिरींत गेरू कुठं दिसतो तेही बघतो. खाणीत पडलेलं पाणी गढूळच असणार. ते थेट ओढ्यात सोडता येईल का?

चरबांध
थेट नको. खाणीच्या तळाला १०० ला १ उतार देऊन सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ५ × ५ मीटर, २ मीटर खोल खड्डा घ्या; त्याचा तळ धरूनही १२ मीटरच्या खाली जाऊ नका. हायवाच्या रस्त्याच्या बाजूला नको. जाड गाळ तिथंच बसतो. पंपाच्या शोषण पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह तळापासून अर्धा मीटर वर, जाळीत. नुसत्या खाणीतलं १,६०० घनमीटर उपसायला २२ तास लागतील, म्हणून पावसाळ्यात पोकलेन रात्री वरच्या पायरीवर लावा.

वर निवळण तळं: २० × ६ मीटर, पाणी दीड मीटर, खाली अर्धा मीटर गाळाला. दगडाच्या भुकटीचा ०.०२ मिमीचा कण सेकंदाला ०.३६ मिमी खाली बसतो; सेकंदाला २० लिटरच्या प्रवाहाला तळ्याचं क्षेत्रफळ ५६ चौरस मीटर निघतं, घुसळणीसाठी दुप्पट धरलं. पाणी एका टोकाला पूर्ण रुंदीत पसरून आत घ्या आणि दुसऱ्या टोकाच्या सांडव्यावरून पातळ थरात काढा. पाइप मधेच सोडला तर धार सरळ सांडव्याकडं पळते, तळं असून नसल्यासारखं होतं. काळी माती मात्र या तळ्यात बसणार नाही, तिचे कण कित्येक दिवस तरंगतात. ती आधी सोलून वेगळा ढीग करा, भोवती चर काढा, वर गवत पेरा.

पाषाणथर
सुरुंगाच्या ओल्या भोकात अमोनियम नायट्रेट-डिझेलचं स्फोटक मिश्रण भरू देऊ नका. ते विरघळतं, बार नीट उडत नाही आणि नायट्रेट पाण्यात उतरतं. पाणी लागलेल्या भोकाला इमल्शन स्फोटकाची कांडीच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तेव्हा दोन्ही विहिरींचं पाणी काम सुरू होण्याआधी एकदा तपासून ठेवा. निवळलेलं पाणी रस्त्यावर मारायला साठवा, उन्हाळ्यात तेवढे टँकर वाचतील.

आणि विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरला मालकासमोर मोजून दोघांच्या सह्या घ्या. सुरुवात येत्या मे महिन्यापासूनच करा. खाणीआधीची नोंद नसली तर नंतर कुणालाच काही सिद्ध करता येत नाही. काठावर रंगाची खूण करा, टेप दर वेळी तिथूनच सोडा. मोजायच्या आधी मोटार किमान रात्रभर बंद हवी, नाहीतर उपशानं खाली गेलेली पातळी खाणीच्या नावावर लागेल.